खरखरीमागचा आवाज

रमजानचा महिना लागला की मला आमच्या जुन्या घराशेजारची खालांची पडवी आठवते. आमचं गाव कोकणातलं. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये फक्त एक गडगा. खालांचे यजमान कुवेतला नोकरीला होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. एका खेपेला त्यांनी मोठा टू-इन-वन टेपरेकॉर्डर आणला आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात भरून कॅसेटी. संध्याकाळी रोजा सोडायची वेळ जवळ आली की खाला पडवीत चटई पसरायच्या, खजुराची ताटली मांडायच्या आणि टेप लावायच्या. आई मला पन्ह्याचं भांडं देऊन तिकडे धाडायची. मी पन्हं द्यायला म्हणून जायची आणि खजूर संपेपर्यंत तिथेच बसायची.

त्यातली एक कॅसेट मला पक्की आठवते. एका बाजूला स्वच्छ, खणखणीत आवाज. एका श्वासात इतकं लांब पठण, की आपलाच जीव कासावीस व्हावा. दुसऱ्या बाजूला मात्र नुसती खरखर. पत्र्यावर पाऊस पडावा तशी. आणि त्या पावसाआडून कुणीतरी म्हातारं, हळवं माणूस बोलावतंय असा आवाज. मला वाटायचं, कॅसेट खराब झालीय, खाला ही टाकून का देत नाहीत? एकदा विचारलंच. तेव्हा खाला हसल्या. म्हणाल्या की पहिल्या बाजूचा जो कारी आहे ना, तो लहानपणी दुसऱ्या बाजूचा आवाज ऐकायला पायपीट करायचा. मूळ आवाज हा आहे, आणि खरखरीसकट तो मिळाला हेच आपलं नशीब.

ते नशीब म्हणजे काय, हे मला फार उशिरा, वाचायला लागल्यावर कळलं. तो आवाज होता इजिप्तच्या कैरो शहरातल्या शेख मोहम्मद रिफअत यांचा. मैत्रिणींनो, आज त्यांचीच गोष्ट सांगते.

आधी एक सांगायला हवं. कुराण मोठ्याने म्हणणं म्हणजे गाणं नव्हे. त्याला वाद्याची साथ नसते, तालही नसतो. कुठलं अक्षर ओठांतून, कुठलं घशातून, कुठे किती लांबवायचं, कुठे थांबायचं याचे नियम असतात. त्याला तजवीद म्हणतात. आपल्याकडे वेदपठणात ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर गुरुजी डोळे वटारतात ना, तसंच. पण इजिप्तमध्ये या नियमांच्या चौकटीत राहून आवाज सुरात फिरवायची फार जुनी परंपरा आहे. आपले राग तसे तिकडचे मकाम. बयाती, रास्त, हिजाज, सबा अशी त्यांची नावं. आनंदाची आयत असेल तर आवाज उजळतो, इशाऱ्याची असेल तर भारी होतो, करुणेची असेल तर विरघळतो. ज्याला हे साधतं तो मोठा कारी. आणि या कामात रिफअत यांच्या पंगतीला बसवावेत असे फार थोडे झाले.

त्यांचा जन्म ९ मे १८८२ चा, कैरोच्या जुन्या वस्तीतला. त्याच वर्षी इंग्रजांनी इजिप्तचा ताबा घेतला. वडील पोलिसात अधिकारी. घर खाऊनपिऊन सुखी. मुलगा गोरागोमटा, टपोऱ्या डोळ्यांचा. त्यांच्या घरात एक गोष्ट सांगत आलेत. कुणी एक बाई तान्ह्याला पाहून म्हणाली म्हणे, याचे डोळे तर राजपुत्रासारखे आहेत. आणि दुसऱ्याच दिवशी पोराचे डोळे आले. दृष्ट लागली म्हणतात ती अशी. आपण तीट लावतो, मीठमोहऱ्या ओवाळतो, तिकडच्या आयाही काय वेगळ्या असणार? दृष्टीची गोष्ट खरी किती, सोडून देऊ. पण डोळ्यांचा आजार खरा होता. त्या काळात इजिप्तमध्ये डोळ्यांच्या रोगाने हजारो मुलं आंधळी व्हायची. दोन वर्षांच्या मोहम्मदची दृष्टी गेली.

आंधळ्या मुलापुढे तेव्हा वाटा किती? इजिप्तमध्ये एक वाट होती, आणि ती मानाची होती. कुराण पाठ करायचं. पाचव्या वर्षी वडिलांनी त्याला घराजवळच्या फाजिल पाशा मशिदीच्या मक्तबात घातलं. पाटी नाही, पुस्तक नाही, नुसत्या कानावर. गुरूने म्हणायचं, पोराने म्हणायचं. अशा रीतीने त्याने लहान वयातच सगळं कुराण तोंडपाठ केलं. सहा हजारांवर आयती. आपल्याला फोन नंबर पाठ राहात नाहीत हल्ली!

आणि मग नवव्या वर्षी वडील गेले. घरात आई, लहान भावंडं, आणि कर्ता म्हणून हा नऊ वर्षांचा आंधळा मुलगा. विचार करा. आपल्या घरातलं नऊ वर्षांचं पोर शाळेचा डबा संपवत नाही म्हणून आपण चिडतो. याने त्या वयात, लोकांच्या घरी, मशिदीत, मयतीच्या कार्याला कुराण म्हणून चूल पेटती ठेवली. पुढे ज्या फाजिल पाशा मशिदीत तो शिकला होता, तिथेच त्याला कारी म्हणून नेमलं. तिथली ती सेवा त्यांनी जवळजवळ तीस वर्षं सोडली नाही. मोठ्या मशिदींची बोलावणी आली, नाव झालं, तरी दर शुक्रवारी शेख रिफअत त्या छोट्या मशिदीतच. दूरदूरहून माणसं यायची. मशीद भरायची, बाहेरचा रस्ता भरायचा, ट्रामची वाट बंद व्हायची म्हणतात.

मला या माणसाचं एक फार आवडतं. शिकण्याची हौस कधी संपली नाही. मकामांचा अभ्यास केलाच, पण घरात ग्रामोफोन ठेवून बेथोवेन, मोझार्ट यांच्या तबकड्याही ऐकायचे. मुलगा हुसेन त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचा. पगडी घातलेला शेख बैठकीवर बसून युरोपचं संगीत कान देऊन ऐकतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. चांगलं जे असेल ते कुठूनही घ्यावं, आपल्या घरच्या मुशीत ओतावं, हे त्यांना कुणी शिकवलं असेल? मला वाटतं, कानांनीच.

त्यांच्या चाहत्यांत मोठमोठे गायक होते. गायक मोहम्मद अब्दुल वहाब त्यांच्याकडे शिष्यासारखे बसायचे. नजीब अल रिहानी हे विनोदी नट धर्माने ख्रिस्ती, पण रिफअत यांचा आवाज ऐकून हेलावून जायचे. कैरोच्या गल्ल्यांत शेजारशेजारची मुसलमान आणि ख्रिस्ती घरं एकच आवाज ऐकत होती. आवाजाला कुठल्या धर्माचं कुंपण?

मग आलं १९३४ साल. ३१ मे रोजी इजिप्तचं सरकारी रेडिओ केंद्र सुरू व्हायचं होतं. पहिला आवाज कुणाचा लावायचा? शेख रिफअत यांचा, यात कुणाला शंका नव्हती. शंका होती ती खुद्द शेखना. रेडिओ म्हणजे यंत्र. कुणी कॉफीच्या दुकानात लावील, कुणी गप्पा मारत ऐकेल, कुणी नको त्या ठिकाणी. पवित्र ग्रंथाचा मान राहील का? त्यांनी परस्पर काही ठरवलं नाही. अल अजहर विद्यापीठाच्या प्रमुखांकडे गेले आणि विचारलं. त्यांनी परवानगी दिल्यावरच हे मायक्रोफोनसमोर बसले. सूरह अल फतहच्या सुरुवातीच्या आयतींनी त्या केंद्राचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी उम्म कुलसूमही त्या रेडिओवर गायली. पुढे आठवड्यातून दोनदा त्यांचं पठण व्हायचं. बीबीसीने अरबी केंद्र सुरू केल्यावर त्यांनाही आवाज हवा झाला. शेखना पुन्हा तीच काळजी. पुन्हा विचारून घेतलं. मग सूरह मरियम ध्वनिमुद्रित केली. मरियम म्हणजे येशूची आई. कुराणात बाईच्या नावाचा तो एकच अध्याय.

आता आपल्याकडचा एक धागा सांगते. हैदराबादच्या दरबारातून त्यांना रमजानसाठी बोलावणं आलं, मोठ्या रकमेची बोली झाली, आणि त्यांनी नकार दिला, असं त्यांच्या घरचे सांगत आलेत. तेव्हा हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडा होता. औरंगाबाद, बीड, नांदेडच्या लोकांना तो आवाज प्रत्यक्ष ऐकायला मिळाला असता! पण शेखना रमजानात स्वतःच्या मोहल्ल्यातली माणसं सोडून जायचं नव्हतं. गरिबाच्या घरच्या बोलावण्याला मात्र ते पैसे न घेता जायचे.

एक गोष्ट आणखी सांगतात. ते एका आजारी मित्राला भेटायला गेले. मित्राने आपल्या लहान मुलीचा हात त्यांच्या हातात दिला. ही उद्या पोरकी होईल, हिचं काय होणार, एवढंच त्याला म्हणायचं होतं. शेख काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पठण करताना, अनाथाला दुखवू नये या आशयाची आयत आली, आणि त्यांचा आवाज फुटला. त्यानंतर त्या मुलीसाठी त्यांनी रक्कम बाजूला काढायला सुरुवात केली, ती तिचं लग्न होईपर्यंत. गोष्ट तिकडच्या घराघरांत सांगितली जाते. ज्याच्या आवाजावर लोकांनी इतका जीव लावला, त्याचं कुठलं रूप त्यांना जपून ठेवावंसं वाटलं, हे त्यावरून कळतं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं, ते. १९४० नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत त्यांचा घसा कुरकुरू लागला. १९४३ च्या सुमाराला उचकी लागली. साधी उचकी. आपण पाणी पितो, साखर चघळतो, कुणीतरी आठवण काढतंय म्हणून माहेरच्यांची नावं घेतो. ही उचकी काही केल्या जाईना. तासन्तास राहायची. पठण करता करता आवाज तुटायचा. घशात गाठ झाली होती. जी वाट देवाने त्या आंधळ्या पोराला दिली होती, तीच बंद झाली. सांगतात की एका शुक्रवारी मशिदीत पठण करताना उचकी आली, आवाज थांबला. त्यांनी मान खाली घातली, दुसरा कारी पुढे बसला. समोर बसलेली सगळी मशीद रडली. आयुष्यभर रस्ते तुंबवणारा आवाज त्या दिवशी गप्प झाला.

उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, ही आपली समजूत. मला वाचताना वाटलं, या माणसाची आठवण अख्खा देश काढत होता.

औषधपाण्याला पैसा लागत होता. पठण बंद म्हणजे कमाई बंद. घर, जमीन विकायची पाळी आली. १९४९ मध्ये एका साप्ताहिकाने त्यांचा फोटो छापला. नामवंत शेख किती हालात आहेत हे लोकांना कळलं. मदतीचं आवाहन झालं आणि हजारो पौंड जमले. हे कळताच त्यांनी ती रक्कम घ्यायचं नाकारलं. कुराण म्हणणाऱ्याला त्याचा मालक उपाशी ठेवत नाही, असा त्यांचा भरवसा होता. कुणी म्हणेल हा हट्ट. आजारपणात घरच्यांची काय ओढाताण झाली असेल, ते बायकांनाच ठाऊक. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडी चिडले होते. आपला मान राखताना घरात कुणाच्या वाट्याला काय आलं, हे कुठे लिहिलेलं नसतं. तरीही मनातल्या मनात मान झुकली. नवव्या वर्षापासून कुणापुढे हात न पसरलेला माणूस सत्तरीकडे झुकताना तरी पसरेल कसा?

९ मे १९५० ला ते गेले. जन्मतारीख तीच आणि मृत्यूची तारीख तीच. अडुसष्ट वर्षं. कैरोत सय्यदा नफीसा या पूज्य स्त्रीच्या मशिदीच्या परिसरात त्यांना दफन केलं, असं सांगतात.

आता बघा. रेडिओ तेव्हा थेट चालायचा. बोललं, हवेत गेलं, संपलं. रेडिओ केंद्राकडे त्यांच्या पठणाचं ध्वनिमुद्रण फारसं नव्हतंच. मग आज तो आवाज कुठून? तर कैरोच्या एका घरातून. झकारिया पाशा महरान नावाचे एक गृहस्थ त्यांचे भक्त. त्यांच्याकडे तबकडीवर आवाज उतरवायचं यंत्र होतं. रेडिओवर शेखांचं पठण लागलं की ते आपल्या घरात ते उतरवून ठेवायचे. कुणी सांगितलं नाही, कुणी पैसे दिले नाहीत. त्या घरच्या बाईंनीही या कामाला हात लावला, असं वाचलंय. एरवी काय झालं असतं, विचारही करवत नाही. खाली जी खरखर येते ती त्या घरगुती यंत्राची. म्हणजे खालांच्या कॅसेटमधला तो पाऊस हा खराबीचा नव्हता. एका घराने केलेल्या जपणुकीचा होता. पुढे त्या तबकड्या इजिप्तच्या रेडिओने घेतल्या, साफ केल्या, आणि शेखांचा आवाज पुन्हा लोकांपुढे आला.

आजही रमजानात सूर्य मावळायच्या आधी इजिप्तमध्ये शेख रिफअत यांचं पठण लागतं आणि त्यांच्याच आवाजातली मगरिबची अजान. त्यांना जाऊन पाऊणशे वर्षं झाली. तिथल्या अनेकांना रमजान म्हणजे हाच आवाज. आपल्याकडे पहाटेची रेडिओची धून ऐकली की वय विसरायला होतं ना, तसंच असावं ते.

आणि खालांच्या कॅसेटची दुसरी बाजू? तो आवाज होता अब्दुल बासित अब्दुस समद यांचा. १९२७ चा जन्म, दक्षिण इजिप्तमधल्या अर्मंत भागातला. लहानपणी त्यांच्या गावात रेडिओ नव्हता. शेख रिफअत ऐकायला ते लांबच्या गावी चालत जायचे. पुढे तेच अब्दुल बासित जगभर फिरले. भारतातही १९८० साली देवबंदच्या शताब्दी सोहळ्यात त्यांनी पठण केलं. १९८८ मध्ये ते गेले. याच परंपरेतले शेख महमूद खलील अल हुसरी यांनी १९६१ मध्ये पहिल्यांदा सगळं कुराण ध्वनिमुद्रित केलं. आणि १९६४ पासून कैरोचं खास कुराण रेडिओ केंद्र सुरू झालं. त्या आंधळ्या मुलाच्या आवाजाने रेडिओचं जे दार उघडलं, ते असं मोठं होत गेलं.

पण दाराच्या आत सगळेच गेले नाहीत. १९३०च्या दशकात इजिप्तच्या रेडिओवर काही बायकाही कुराण म्हणायच्या. मुनीरा अब्दू नावाच्या एक अंध बाई त्यांतल्या नामांकित. मग बाईचा आवाज असा परपुरुषांच्या कानी पडावा का, असा वाद निघाला आणि बायकांचं रेडिओवरचं पठण बंद झालं. पुरुष आणि बाई, दोघंही अंध, दोघांचाही आवाज लोकांना प्यारा. एकाची आठवण रोज संध्याकाळी जागवली जाते, आणि दुसरीचं नावही बऱ्याच जणींना माहीत नाही.

हे वाचलं तेव्हा मला खालांची आठवण आली. खाला मोहल्ल्यातल्या मुलींना पडवीत बसवून सिपारा शिकवायच्या. किती वर्षं! त्यांचा आवाज बारीक, पण स्वच्छ. मुलगी एखादं अक्षर चुकली की त्या ओठ कसे धरायचे ते करून दाखवायच्या. परक्यांपुढे त्यांनी कधीच पठण केलं नाही. माझ्यासारख्या गडग्यापलीकडच्या पोरीला तेवढं ऐकायला मिळालं. तो टू-इन-वन समोरच असायचा आणि त्याच्यात रेकॉर्ड करायचं लाल बटण होतं. आम्ही पोरांनी त्यावर मांजराचे आवाज रेकॉर्ड केले, सिनेमातले संवाद केले. खालांचा आवाज एकदाही केला नाही. कुणाच्या मनातच आलं नाही. खाला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

गेल्या रमजानात मी गावी गेले होते. खालांची नात तिच्या मुलीला घेऊन आली होती. मी तिला फोनवर शेख रिफअत लावून दिले. तीच खरखर, तोच पाऊस. ती म्हणाली, नानी हेच लावायची. आणि मग ती गप्पच झाली. थोड्या वेळाने स्वतःच हळू आवाजात म्हणायला लागली, नानीने शिकवलेलं. ओठ धरायची पद्धत अगदी तीच! मी फोन उचलला, बटण दाबलं, चटईवर ठेवला. तिला सांगितलं की थांबू नकोस.

तिच्या मुलीने मध्येच कसलातरी गोंधळ घातला. तोही आला त्यात. येऊ दे. थोडी खरखर राहिली तर राहू दे.